हळदीच्या कॅप्सूलची एक बाटली, आणि ती उघडण्याआधी तपासायच्या गोष्टी

हे परीक्षण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचं आहे. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (हळदीतली पिवळी द्रव्यं, त्यातलं मुख्य कर्क्युमिन), जोडीला काळ्या मिरीतलं तिखट द्रव्य पाइपरीन ५ मिलिग्रॅम. बाटलीत ६० कॅप्सूल, किंमत सहाशेच्या आसपास. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच प्रमाणाच्या बाटल्या कुठल्याही मेडिकलच्या फळीवर ओळीने मांडलेल्या दिसतील. लेबलाचा रंग वेगळा, आतलं प्रमाण जवळपास तेच. त्यामुळे मी लिहितेय ते त्या सगळ्यांनाच लागू होईल.

मी सांगलीची. माहेरी वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती, राजापुरी हळदीच्या पोत्यांवर बसून आम्ही भावंडं अभ्यास करायचो. पुढे डी. फार्म. केलं आणि निवृत्त होईपर्यंत मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले. हळद आणि औषध या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्यात. म्हणूनच ‘हळदच तर आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य कानावर आलं की मला गप्प बसवत नाही. भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल यांच्यात फार मोठं अंतर आहे, आणि ते समजून घेतलं तरच ही बाटली उपयोगाची आहे.

मी ती घेतली उजव्या गुडघ्यासाठी. सांध्याची झीज एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते. जिना उतरताना कळ येते, मांडी घालून बसणं बंद झालंय. वेदनाशामक गोळ्यांनी माझ्या पोटात आग पडते, त्यामुळे त्या रोज घेणं शक्य नाही. मिरजेच्या ज्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी जाते, त्यांनी आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन या दोनच गोष्टींवर भर दिला. कर्क्युमिनबद्दल मीच विचारलं. ते म्हणाले, ‘ताई, घेऊन बघा, पण दोन अटी. आधी लिव्हरची तपासणी, आणि किती दिवस घ्यायची हे आजच ठरवायचं.’ मला हे दोन्ही मनापासून पटलं. दिवाळी झाल्यावर सुरू केली आणि संक्रांतीला थांबवली.

गुडघेदुखीसाठी कर्क्युमिन घ्यावं असं वाटण्याला आधार आहे. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक, निम्म्यांना १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क, चार आठवडे. वेदनेत आणि चालण्यात दोन्ही गट साधारण बरोबरीने सुधारले, पण पोटदुखीच्या तक्रारी हळदीच्या गटात कमी होत्या. माझ्यासारख्या, पोट न साथ देणाऱ्या बाईला हा फरक महत्त्वाचा. मात्र तो अभ्यास चार आठवड्यांचा होता हेही लक्षात ठेवायला हवं. वर्षानुवर्षं रोज एक कॅप्सूल खाल्ली तर काय होतं, याचं उत्तर त्यात शोधू नये.

आता प्रमाणाकडे वळू, कारण सगळा घोळ इथेच होतो. चांगल्या हळदीच्या पुडीत कर्क्युमिनॉइड्स साधारण दोन ते पाच टक्के असतात. मेघालयातल्या लाकडोंगसारख्या जातीत ते सात टक्क्यांच्या आसपास जातं, पण आपल्या डब्यातल्या हळदीसाठी तीन टक्के धरायला हरकत नाही. चहाचा एक सपाट चमचा हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम, म्हणजे त्यात कर्क्युमिनॉइड्स ९० मिलिग्रॅम. या बाटलीतल्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम आहेत. एका घोटात पाच चमचे हळद. कुठल्याही आजीने नातवाला एका कप दुधात पाच चमचे हळद कालवून दिलेली नाही. शिवाय दुधात-भाजीत मिळते ती अख्खी हळद, तिच्यातला स्टार्च, तंतू, तेल सगळ्यासकट. इथे द्रावक वापरून फक्त पिवळं द्रव्य वेगळं काढलंय.

अन्नात रंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या कर्क्युमिनसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी मर्यादा सांगितली आहे: वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही तीच धरली. ६० किलोच्या माणसाला हे होतात १८० मिलिग्रॅम. या बाटलीवर लिहिलंय ‘दिवसातून एक किंवा दोन कॅप्सूल’. दोन घेतल्या तर ९५० मिलिग्रॅम, मर्यादेच्या पाचपट. ही मर्यादा ओलांडली की माणूस लगेच आजारी पडतो असं मुळीच नाही, अभ्यासांमध्ये लोकांनी थोडे दिवस याहून जास्त घेतलंय. पण ‘रोज, कायम, काही न विचारता’ घेण्यासाठी हे प्रमाण नाही, एवढं त्यातून स्वच्छ कळतं. मी एकच घेत होते.

बाटलीवर सगळ्यात ठळक अक्षरांत आहे ‘२००० टक्के अधिक शोषण’. हा आकडा खोटा नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तेव्हा माणसांच्या रक्तात ते जवळपास सापडतच नव्हतं. त्याबरोबर २० मिलिग्रॅम पाइपरीन दिलं तेव्हा ते वीसपट झालं. पण हे वीसपट कशाच्या? जवळजवळ शून्याच्या. आणि स्वयंसेवक मोजकेच होते. जाहिरातीत हा आकडा वाचून गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला वीसपट गुण येणार. गुणाचं माप त्या अभ्यासात घेतलेलंच नव्हतं.

पाइपरीन नेमकं काय करतं, ते एकदा नीट सांगते, कारण काउंटरवर कुणी सांगत नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून थोडंच आत जातं, आणि जे जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत मिळून ताबडतोब एक साखरेसारखा रेणू जोडतात व बाहेर काढायची व्यवस्था करतात. शरीराची ही रोजची साफसफाई आहे. पाइपरीन ती साफसफाई मंदावतं. म्हणून कर्क्युमिन रक्तात जास्त वेळ राहतं. पण यकृतातली ती यंत्रणा एकट्या कर्क्युमिनसाठी नसते. तुमच्या इतर गोळ्याही त्याच वाटेने बाहेर पडत असतात. फिटसाठीचं फेनिटोइन, दम्याचं थिओफिलिन, बीपीचं प्रोप्रॅनोलॉल: या तिन्ही औषधांची रक्तातली पातळी पाइपरीनमुळे वाढते हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलंय. फेनिटोइन आणि थिओफिलिन ही अशी औषधं आहेत की थोडी वाढली तरी माणूस झोकांड्या खायला लागतो किंवा छाती धडधडायला लागते. त्यामुळे रोजची एखादी जरी गोळी चालू असेल, तरी मिरीवाली बाटली उचलण्याआधी डॉक्टरांना किंवा जाणत्या फार्मासिस्टला ती गोळी दाखवा. भाजीत पडणाऱ्या चिमूटभर मिरीची गोष्ट वेगळी. ती आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो आणि खात राहू.

माझ्या धाकट्या दिरांना दीड वर्षापूर्वी स्टेंट घातलाय. टेबलावर बाटली दिसली तशी त्यांनी फिरवून वाचली आणि म्हणाले, ‘वहिनी, मलाही एक आणा. कोलेस्टेरॉलला चांगली म्हणतात.’

मी म्हटलं, ‘भावजी, तुम्ही ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेता. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या आहेत. कर्क्युमिनचाही थोडा तसाच गुण आहे. तिन्ही एकत्र झाल्या तर रक्तस्राव वाढू शकतो. कार्डिऑलॉजिस्टना विचारल्याशिवाय मी ही बाटली तुमच्या हातात देणार नाही.’

‘अहो, पण हळद…’

‘हळद आमटीत घाला की रोज, कोण नाही म्हणतंय?’

ते हिरमुसले, पण पुढच्या तपासणीला त्यांनी विचारलं आणि डॉक्टरांनी नकोच सांगितलं. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. दात काढायचा असला तरी दंतवैद्याच्या कानावर घाला. पेशंट दहा गोळ्यांची नावं सांगतात आणि नेमकी ही सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती औषध नसतेच. काउंटरवरच्या इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटत आली.

पित्ताशयात खडे असतील तर हे नको. अवघ्या २० मिलिग्रॅम कर्क्युमिननेही पित्ताशय आकुंचन पावतं असं मोजलं गेलंय, आणि खडा असलेलं पित्ताशय आवळलं की काय कळा येतात ते ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीही थांबावं, कारण कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं. मूतखड्याची सवय असलेल्यांनी हळदीची पूड भरलेल्या कॅप्सूल टाळाव्यात, त्यात मूतखडा बनवणारं ऑक्झलेट भरपूर असतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखरेवर जास्त लक्ष ठेवावं. गरोदर बाईने, अवयव प्रत्यारोपण झालेल्याने आणि केमोथेरपी चालू असलेल्याने स्वतःच्या मनाने एकही कॅप्सूल घेऊ नये.

यकृताबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक मराठी घरांत ही बातमी पोहोचलेलीच नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांना यकृताचा दाह होत असल्याच्या नोंदी एकामागून एक यायला लागल्या. पहिला संशय अर्थातच भेसळीवर गेला. तपासात तसं काही हाती लागलं नाही. २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने अशा बाटल्यांवर धोक्याची सूचना छापणं बंधनकारक केलं आणि यकृताचे आजार असलेल्यांनी त्या घेऊ नयेत असं सांगितलं. त्याच वर्षी फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने, विशेषतः शोषण वाढवलेल्या प्रकारांबद्दल, सावध केलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने तशीच सूचना काढली. त्यांच्याकडे यकृताच्या १८ तक्रारी आल्या होत्या.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीशी निगडित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला एक दगावला. आणि दहांपैकी सात जणांमध्ये एकच जनुकीय खूण सापडली: एचएलए-बी*३५:०१. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्या लोकांतही हीच खूण जास्त आढळते. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण ज्यांच्या अंगात ही खूण आहे त्यांना जास्त धोका, आणि आपल्यात ती आहे का हे आपल्याला माहीत नसतं. शेजारणीला काही झालं नाही म्हणून मला होणार नाही, हा हिशेब इथे चालत नाही. करोडो लोक हळद खातात, त्या मानाने या नोंदी फार थोड्या आहेत हे खरं. पण ज्याला होतं त्याला ते पूर्णच होतं.

म्हणून मी सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या केल्या, आणि मध्येच एकदा पुन्हा. दोन्ही वेळा ठीक आलं. ही इजा बहुतेक वेळा सुरू केल्यापासून काही आठवडे ते काही महिन्यांत उमटते. तपासणी करा अथवा नका करू, पण घरात सगळ्यांना लक्षणं माहीत असू द्या: चहासारखी गडद लघवी, डोळे पिवळे, जेवण नकोसं होणं, मळमळ, विलक्षण थकवा, अंगाला खाज. यातलं काहीही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे. अशा वेळी ‘कावीळ आहे, हळद बंद कर आणि झाडपाला घे’ असा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्याकडे जाऊन वेळ घालवू नका. यकृताच्या रोगाची जुनी तक्रार असेल किंवा दारू रोजची असेल तर ही बाटली विकत घेऊच नका.

मी ती घ्यायची दुपारच्या जेवणात. भातावर तूप किंवा आमटीत शेंगदाण्याचं कूट असतंच, आणि कर्क्युमिन स्निग्ध पदार्थाबरोबर जास्त आत जातं. रिकाम्या पोटी घेऊ नये असं माझं मत आहे, मिरीच्या अर्काने जळजळ होते. पहिल्या आठवड्यात शौच पिवळट आणि थोडी सैल झाली, मग आपोआप ठीक. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी हा नियम मी पाळला. त्या काळात दुसरं कुठलंही काढा-चूर्ण घेतलं नाही. चार गोष्टी एकदम सुरू केल्या तर गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला, दोन्ही कळत नाही.

गुडघ्याचं काय झालं? साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जिना उतरतानाची कळ कमी झाली. सकाळी उठल्यावरचा आखडलेपणा पूर्वी बराच वेळ राहायचा, तो चहा होईपर्यंत जाऊ लागला. गुडघ्यातला कर्रर आवाज तसाच आहे, मांडी अजूनही घालता येत नाही, आणि गणपती मंदिराला चालत जाऊन आले की संध्याकाळी बर्फ लावावाच लागतो. त्याच काळात मी मांडीचे व्यायामही न चुकता करत होते, त्यामुळे सगळं श्रेय कॅप्सूलला देणार नाही. संक्रांतीला बंद केल्यावर थोडा आखडलेपणा परत आला, म्हणून वाटतं की काहीतरी वाटा तिचा नक्की होता. वेदनाशामक गोळी त्या दोन-अडीच महिन्यांत क्वचितच लागली. माझ्या पोटाच्या दृष्टीने हीच मोठी मिळकत.

बाटलीवर ‘शक्तिशाली अँटिऑक्सिडंट’ हे जे लिहिलंय, त्यासाठी मात्र मी एक रुपयाही देणार नाही. अँटिऑक्सिडंट म्हणून परीक्षानळीत जे चमकतं ते शरीरात तसंच वागेल याची खात्री नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीचे आकडे देणारा तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि कंपन्या जाहिरातीत ते वापरत होत्या. त्याहून मोठा धडा फिनलंडचा आहे. तिथे २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास झाला. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटीन कॅप्सूलमधून रोज २० मिलिग्रॅम दिलं, फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा अभ्यास १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. तेही वनस्पतीतलंच द्रव्य होतं, तेही अँटिऑक्सिडंटच. गाजर खाऊन कुणाला काही झालं नाही.

खुद्द कर्क्युमिनबद्दलही रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक सविस्तर लेख लिहून इशारा दिला होता की हे द्रव्य अस्थिर आहे, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना सहज फसवतं, म्हणजे नसलेला गुण असल्यासारखा दाखवतं. कर्करोग, विसरभोळेपणा, मधुमेह, त्वचेची चमक अशा दहा गोष्टी एकाच बाटलीवर लिहिलेल्या दिसल्या तर हा इशारा आठवावा.

इथे कुणीतरी हळदीच्या पेटंटची गोष्ट काढतं, आणि काढावी, ती अभिमानाची आहेच. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारतातल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख पुरावा म्हणून दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पण तो लढा होता जखमेवर लावायच्या हळदीचा. ती माहिती आधीपासून आपली होती, हे त्यातून सिद्ध झालं. ९५ टक्के अर्क मिरीच्या जोडीने पोटात घेण्याचा तो दाखला नव्हे.

लेबलाबद्दल माझी तक्रार आहे. ज्या दुकानातून मी बाटली आणली तिथला मुलगा म्हणाला, ‘काकू, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट काही नाही.’ बाटलीवर मात्र आयुर्वेदिक औषधाचा परवाना नव्हताच. होता एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाचा १४ अंकी क्रमांक, म्हणजे कायद्याने हे अन्न, ‘हेल्थ सप्लिमेंट’. बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही होतं, आणि सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये असंही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल किंवा यकृताबद्दल एक ओळ नाही. २००० टक्के मात्र समोर. हे प्रमाण उलट असायला हवं होतं. घेताना तुम्ही एवढं बघा: कर्क्युमिनॉइड्स किती मिलिग्रॅम हे स्वच्छ लिहिलंय का, की नुसतंच ‘हळद ५०० मिलिग्रॅम’? पाइपरीन किती? बॅच नंबर, तारीख, परवाना क्रमांक आहे का? कंपनीला मेल करून त्या बॅचचा जड धातूंचा आणि उरलेल्या द्रावकाचा तपासणी अहवाल मागा. मी मागितला, आठवड्याने आला, त्यात शिसं मर्यादेत होतं. अहवाल न देणाऱ्या कंपनीचा माल मी घेणार नाही.

शिशाची भीती उगाच नाही. बांगलादेशात हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला रंग लावला जात होता. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते दाखवून दिल्यावर तिथल्या सरकारने बाजारात धाडी घातल्या, आणि २०२१ पर्यंत बाजारातल्या नमुन्यांत ते दिसेनासं झालं. मनावर घेतलं तर दोन वर्षांत होतं.

मी एक कॅप्सूल फोडूनही पाहिली. पूड नारिंगी, वास अगदी मंद. अख्ख्या हळदीचा जो दरवळ असतो तो तेलाचा, आणि तेल इथे काढून टाकलेलं. पाण्यात तरंगत राहिली, कोमट तेलात रंग सुटला. खायचा चुना लावला तर लालबुंद झाली. कुंकू याच गुणावर बनत आलंय. यातून आत कर्क्युमिन आहे एवढंच कळतं, किती आहे ते फक्त प्रयोगशाळाच सांगेल. बाटली घट्ट बंद होती, आत ओल शोषणारी पुडी होती, कॅप्सूलचं कवच शाकाहारी. याबद्दल तक्रार नाही.

मोल म्हणाल तर दिवसाला दहा रुपये. गुडघ्यासाठी, ठरावीक मुदतीपुरती, डॉक्टरांना सांगून घ्यायची असेल तर पाचपैकी साडेतीन. अँटिऑक्सिडंट म्हणून, तब्येत चांगली राहावी म्हणून रोज घेणार असाल तर शून्य. त्या पैशांत सांगलीच्या यार्डातून वर्षाची अख्खी हळकुंडं आणा, उन्हं दाखवून गिरणीतून दळून घ्या आणि रोजच्या स्वयंपाकात घाला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला त्याच्याही आधी. त्यांचा वास आणि रंग कॅप्सूलमध्ये नाही.

येत्या पावसाळ्यात गुडघा पुन्हा आखडला तर मी ही बाटली पुन्हा घेईन, रक्ताची तपासणी पुन्हा करून. कदाचित मिरी नसलेली आणि कमी प्रमाणाची बघेन. आणि तुमच्यापैकी कुणाला अशा कॅप्सूलने त्रास झालाच, तर तो घरातल्या घरात विसरून जाऊ नका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा भारत सरकारचा कार्यक्रम आहे, त्याचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतःही कळवू शकतो. बाटली टाकून देऊ नका, तिच्यावरचा बॅच नंबर तेव्हा सांगावा लागतो.